कुकरची शिट्टी

मंडळी, तुमच्यातले बरेच जण पहाटे पाठीवर सॅक लादून अजिंक्यतारा चढतात. चांगलंय, चालू ठेवा. पण मोहिमेच्या तयारीतला तेवढा एकच भाग सगळे हौसेनं करतात, त्यामुळं आज मी बोलणार आहे ते मोहिमेच्या सामानाच्या आणि दिवसांच्या हिशेबाच्या या वहीबद्दल.

आम्ही लाहौलमधल्या बडा शिग्रीत गेलो होतो. ही हिमनदी जवळजवळ २८ किलोमीटर लांब. बातलला गाडी सोडली की पुढं ना दुकान, ना फोन. सॅटेलाइट फोन तर आपल्याकडं परवानगीशिवाय जवळही बाळगता येत नाही. घरी राहिलं ते राहिलं. आमची राहिली कुकरची शिट्टी! सामान बांधताना कुणीतरी ती धुवून ओट्यावर वाळत ठेवली आणि कुकर तेवढा पोत्यात गेला.

हसताय, पण साताऱ्यात पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, ५,००० मीटरवर ८३च्या आसपासच. पातेल्यात तूरडाळ दोन तास रटरटली तरी दाताखाली कचकच लागायची. डाळ शिजेना आणि रॉकेल मात्र जळत होतं. मेतकूट, दाण्याची चटणी आणि सातूचं पीठ होतं म्हणून पोटं भरली.

त्यात माझा दुसरा घोळ. रॉकेल मी घरच्या अंदाजानं धरलं होतं. वरच्या कॅम्पवर पाणी नसतं हो, बर्फ असतो. बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्यातच तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे चहा होण्याआधीच एका चहाचं इंधन गेलेलं! माणशी रोज चार लिटर पाणी धरा आणि मग गुणाकार करा. आणि रॉकेल वाढलं की हमाल वाढतो, हमाल वाढला की त्याचं जेवण वाढतं.

दिवसांचंही तसंच. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. ऑफिसची रजा मोजून बसलेल्या माणसाला हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. पहिली कात्री त्यालाच लागते. आम्हीही लावली, आणि आमच्यातला एक जण डोकं धरून खाली उतरला. बातलच्या वाटेवरचा कर्चा नाला सकाळी लवकर ओलांडायचा, दुपारी बर्फ वितळून तो फुगतो. म्हणून त्या दोघांना, हो, त्याच्यासोबत एक धडधाकट माणूसही उतरवावा लागला, नाल्याअलीकडं एक रात्र काढावी लागली. राहिलो चौघं. वर रॉकेल संपलं तेव्हा शिखर डोळ्यांसमोर होतं.

दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी, विमा, ही कागदपत्रं वेळेत होतात, फक्त आधी सुरुवात करा. वही इथं टेबलावर ठेवतो, फोटो काढून घ्या. चौदाव्या पानावरचा रॉकेलचा आकडा तेवढा उतरवू नका. तोच तो.