औषधाआधी श्वास मोजा

(दृश्य: अलिबागचा किनारा. कुलाबा किल्ल्याकडे निघालेले टांगे.)

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे टांगे सुटतात. ओल्या वाळूत चाक रुतलं की सगळा जोर लागतो तो घोड्याचा. म्हणून घोडेवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा एवढा धापा का टाकतो?’

(दृश्य: सावलीत उभा घोडा. कॅमेरा कुशीवर.)

घोडा सावलीत निवांत उभा असताना त्याची कूस बघा. अर्धा मिनिट श्वास मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ८ ते १६ असतील तर ठीक. कामावर नसतानाही आकडा बराच वर असेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, श्वास सोडताना पोट दोनदा आत ओढलं जात असेल, तर ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, नाक हीच त्याची एकमेव वाट.

बऱ्याचदा दोष पेंढ्यात सापडतो. पावसाळ्यात ठेवलेली भाताच्या पेंढ्याची पेंडी वरून पिवळीधमक दिसते. ती सोडून आत हात घाला. कुबट वास येतो, राखाडी भुकटी उडते. ती बुरशी. असा पेंढा झटकूनही घालू नका, टाकूनच द्या. चांगला चारासुद्धा पाण्यात बुचकळून, खाली घमेल्यात द्या. वाळूवर मात्र नको. चाऱ्याबरोबर गेलेली वाळू आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. शंका आली तर लीद पाण्यात कालवा, वाळू तळाशी बसेल. पण घोडा लोळतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, तर तपासत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. घोड्याला उलटी होत नाही.

दमट उकाड्यात काही घोड्यांचा घामच आटतो. अंग कोरडं, तापलेलं, श्वास भराभर. त्याला सावलीत घ्या, गार पाणी ओता. त्या दिवशी फेरी नाही म्हणजे नाही.

(दृश्य: पट्ट्याने छातीचा घेर मोजणारे हात.)

आता जंत. औषध अंदाजाने देऊ नका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर वजन साधारण २५६ किलो. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. म्हणून आधी लीद तपासून अंडी मोजून घेणं उत्तम. गुरांचं आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका.

जंताचं औषध देऊनही घोडा खंगतोय, ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज आहे? मग रक्त तपासा. गोमाश्या चावून पसरणाऱ्या ‘सरा’ रोगाचे परजीवी रक्तात असतात, जंताच्या औषधाने त्यांना काहीच होत नाही.

आणि वेदनाशामक. फिनाइलब्युटाझोन जास्त दिवस दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. गोळीने लंगडणं थांबलं म्हणून संध्याकाळी पुन्हा टांग्याला जुंपणं हा त्या जनावरावर अन्याय आहे. आधी पाय उचला, खूर बघा. खिळा घुसला असेल तर डॉक्टरांना धनुर्वाताच्या लशीबद्दल त्याच दिवशी विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.