उंदराच्या पिल्लाला हात लागला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

भीती वाटली, ताण आला की अंगात एक हार्मोन चढतं. उंदरात त्याचं नाव कॉर्टिकोस्टेरॉन. मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून ते रक्तात येतं. ते चटकन उतरणार की रेंगाळत राहणार, हे बऱ्याच अंशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ठरतं. पहिल्या काही दिवसांत, हे ध्यानात ठेवा. ते कसं कळलं, याची गोष्ट मला फार आवडते. आज तीच सांगतो.

१९५० च्या दशकातली ही गोष्ट. अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस नावाचं शहर आहे. तिथे सीमूर लेव्हिन हे मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतले उंदीर घेऊन काम करत होते. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. तान्हेपणी त्रास सोसला तर मोठेपणी स्वभाव बिघडतो का?

त्यांनी पिल्लांचे तीन गट केले. पहिल्या गटातली पिल्लं रोज ठरल्या वेळी घरट्यातून उचलायची, एका पिंजऱ्यात ठेवायची आणि विजेचा सौम्य झटका द्यायचा. दुसऱ्या गटाला तसंच उचलायचं, त्याच पिंजऱ्यात तितकाच वेळ ठेवायचं, पण झटका द्यायचा नाही. तिसऱ्या गटाला हातसुद्धा लावायचा नाही. ती पिल्लं आईच्या कुशीत निवांत.

पिल्लं मोठी झाली. मग एकेकाला अनोळखी, मोकळ्या जागेत सोडलं. झटके खाल्लेले उंदीर बिथरलेले असतील, अशी सगळ्यांची अटकळ. पण ते तर इकडेतिकडे हुंगत फिरू लागले! दुसऱ्या गटातले, नुसते हाताळलेले, तेही तसेच. या दोन गटांत फरकच दिसेना. आणि ज्यांना कुणी हात लावला नव्हता, ते निवांत वाढलेले उंदीर? ते कोपरा धरून अंग चोरून बसले. सारखी लघवी करत होते, लेंड्या टाकत होते. भित्रे निघाले ते हे!

हार्मोन मोजलं तेव्हाही तेच. हाताळलेल्या उंदरांत ते झटपट चढलं आणि झटपट उतरलं. न हाताळलेल्यांत चढायला वेळ लागला, आणि मग ते उतरेचना. पुन्हा सांगतो, झटपट चढणं आणि झटपट उतरणं, हीच निरोगी खूण.

तो तिसरा गट ठेवलाच नसता तर? झटक्यांनी काही बिघडत नाही, एवढं म्हणून प्रयोग संपला असता. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मला म्हणूनच चुटपुट लागते. रंगवलेले ज्वालामुखी पुष्कळ असतात, पण दोन कुंड्या घेऊन एकीला मुद्दाम काहीच न करणारं मूल क्वचित भेटतं. त्या मुलाला बक्षीस द्यायला हवं.

असो. मग हाताळण्याने नेमकं होतं काय? उत्तर आईपाशी होतं. परत आलेली पिल्लं आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात ओरडतात आणि आई त्यांना जास्त चाटते. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की माणसाचा हात लागला नाही तरी काही आया मुळातच पिल्लांना जास्त चाटतात, काही कमी. जास्त चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, ताणाचं हार्मोन ओळखणारे ग्राही जास्त असतात. दूध वर आलं की कुणीतरी गॅस बंद करावा लागतो ना, तसं हार्मोन चढलं की हा भाग ते थांबवायला लावतो. ग्राही कमी, तर बंद करायला उशीर.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गाभण असताना ताण दिला, तर जास्त चाटणारी उंदरीणही पुढे पिल्लांना कमी चाटते. म्हणून पोर किरकिरं झालं की आईला बोल लावणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. तिच्यावर काय गुदरतंय, ते आधी विचारा.

राहिला प्रश्न रक्ताचा. भित्रेपणा आईकडून वारशानेच आला नसेल कशावरून? १९९९ साली याच मंडळींनी कमी चाटणाऱ्या आईची नवजात पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली. ती धीट झाली. आणि त्यांतल्या माद्या स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या पिल्लांना भरपूर चाटलं. वाढवणाऱ्या आईसारखं, जन्म देणाऱ्या आईसारखं नव्हे.