चाकातली घरघर कुठल्या चाकाची?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा सरला की गॅरेजवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते, साठच्या पुढे गेलं की गाडी घूंऽऽ करते. खड्ड्यांचे दणके बसलेले असतात, साचलेल्या पाण्यातून गाडी गेलेली असते. चाक ज्यावर फिरतं, त्या गोळ्यांच्या कडीला बेअरिंग म्हणतात. त्याच्या सीलमधून पाणी शिरलं की आतलं ग्रीस खराब होतं, आतल्या गोळ्यांना गंज धरतो आणि चाक घरघरायला लागतं. नेमकं कुठलं चाक, हे गॅरेजला जाण्याआधी घरीच शोधा. चुकीचं बेअरिंग बदललं तर पैसे जातात आणि आवाज राहतोच.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर गिअर न्यूट्रलला टाका, इंजिन मात्र बंद करू नका. इंजिनचा आवाज उतरला तरी घूं तशीच राहिली, तर ती चाकांकडून येतेय. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज एकदम बदलला तर आधी टायर तपासा. उजवीकडच्या लांब वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तिथे आवाज वाढला तर संशय डावीकडे. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. गाडीत बसून ऐकताना पुढचं की मागचं, यात कान सर्रास फसतो.

म्हणून चाक उचलून बघायचं. सपाट जागा हवी. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल. जॅकसोबत गाडीला आधार देणारा स्टँड हवाच, आणि गाडीखाली अंग घालायचं नाही, अगदी मिनिटभरासाठीसुद्धा नाही. नट घट्ट आहेत ना, ते बघा आणि चाक एका हाताने वरून, दुसऱ्या हाताने खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर घरातल्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बहुधा बेअरिंगच. राहिला तर बॉल जॉइंटकडे, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्याकडे, बघावं लागेल.

मात्र घरघरणाऱ्या कित्येक बेअरिंगमध्ये प्ले सापडतच नाही. माझा खरा भरवसा पुढच्या परीक्षेवर आहे. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बाहेरून टेकवा, वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गप्प असते. खराब असेल तर वाळू रगडल्यासारखी बारीक थरथर बोटांना लागते. ब्रेक पॅड घासल्याची सरसर कानाला ऐकू येते, पण बोटांना अशी लागत नाही. शंका राहिली तर पलीकडच्या चाकाशी ताडून बघा.

मागच्या चाकासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

प्ले असलेली गाडी हायवेला काढू नका. गॅरेजमध्ये बेअरिंग प्रेसवरच, म्हणजे दाबयंत्रानेच, बसवायला सांगा. हातोड्याचे ठोके आतल्या गोळ्यांपर्यंत जातात आणि नवं बेअरिंगही लवकरच घरघरतं. बऱ्याच नव्या गाड्यांत एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर बेअरिंगच्या एका बाजूची चुंबकीय कडी वाचतो. ती बाजू उलटी बसली तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.