राखेच्या भट्टीला हवा का लागते

(दृश्य : भोसरीतली प्रयोगशाळा. हॉट प्लेटवर सिलिकाचं क्रुसिबल, म्हणजे प्रखर उष्णता सोसणारी छोटी वाटी, त्यात 5 ग्रॅम कणीक. ती पूर्ण जाळून मागे किती राख उरते, ते तोलायचं आहे.)

ही कणीक थेट तापलेल्या भट्टीत ठेवली, तर भपकन पेटेल आणि ज्वाळेबरोबर थोडी राखही उडून जाईल. म्हणून आधी फ्यूम हूडखाली, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात, धूर थांबेपर्यंत, मंद आचेवर जाळून घ्यायची. गुळाला याहून धीर लागतो. तो फसफसून काठाबाहेर येतो. क्रुसिबल मोठं घ्या, नमुना कमी घ्या.

(दृश्य : भट्टीचं दार उघडतं.)

साध्या मफल भट्टीचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीचं, काम उष्णता कोंडून ठेवणं. राख करायची तर हवाही हवी, कारण काळा कार्बन ऑक्सिजनशिवाय जाणार कसा? म्हणून राखेच्या भट्टीचा कक्ष बुटका आणि रुंद असतो, क्रुसिबलं एकाच थरात बसतात. बाहेरची हवा तापून आत येते आणि चिमणीतून वर निघून जाते. आतली हवा मिनिटाला साधारण 4 ते 5 वेळा बदलते. तापणाऱ्या तारा झाकलेल्या असतात, नाहीतर नमुन्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ त्या खाऊन टाकते.

चिमणी तुंबली की 550 अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेवूनही राख काळपटच निघते. मग तापमान वाढवावंसं वाटतं. वाढवू नका! फार वर गेलात तर सोडियम-पोटॅशियमची क्लोराइडं उडू लागतात, आणि वितळलेले क्षार कार्बनच्या कणांवर काचेसारखे बसतात. त्यापेक्षा क्रुसिबल गार करा, डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब टाकून क्षार विरघळवा, प्लेटवर वाळवा आणि पुन्हा 550 ला लावा.

दगडी कोळशाचं गणित वेगळं. तो 815 अंशांपर्यंत न्यायचा, पण सावकाश. आधी गंधकाचे वायू निघून गेले पाहिजेत. ते मागे राहिले, तर खनिजातल्या चुन्याशी जुळून कॅल्शियम सल्फेट होतं आणि राख आहे त्याहून जास्त भरते. चिमणीचा खरा कस इथे लागतो.

(दृश्य : लांब चिमटा, डेसिकेटर म्हणजे नमुना कोरडा ठेवणारं बंद भांडं, वजनकाटा.)

जाता जाता एक पुणेरी सल्ला : रात्रभराची बॅच बुधवारी लावू नका, गुरुवारी वीज जाते.

क्रुसिबल डेसिकेटरमध्ये पूर्ण गार होऊ द्या. गरम ठेवलं तर काट्यावर हलकं भरतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत डेसिकेटरमधलं ओल शोषणारं निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी होतं, राख ओल धरते आणि काट्यावरचा शेवटचा आकडा वर सरकत राहतो. जेल बदला, क्रुसिबल पुन्हा अर्धा तास भट्टीत ठेवा, गार करा, तोला. दोन वजनांत 1 मिलिग्रॅमहून कमी फरक आला, की आकडा वहीत लिहा.