डिअर माउंटन कुणाच्या नावावर?

(बंदराचा धक्का, पहाट. सुरुवातीला काही वेळ फक्त पावसाचा आवाज.)

हे केचिकान. अलास्काच्या नकाशाला आग्नेयेकडे जी शेपटी आहे, तिथल्या एका बेटावरचं गाव. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. जागा पुरत नाही म्हणून काही घरं खांबांवर उभी करून पाण्यावर काढलेली.

धक्क्यावर पावसाची ही उंच मोजपट्टी उभी आहे. इथे वर्षाला सरासरी दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस चार महिने कोसळतो आणि मोकळा होतो. केचिकानचा बारा महिने रिपरिपत राहतो. पट्टीवर वरच्या अंगाला एक साल लिहिलंय, १९४९. त्या वर्षी २०२ इंचांच्या वर पडला होता.

(कॅमेरा पट्टीवरून वर सरकतो. ढग. ढगांत डोंगराचा माथा अर्धवट.)

आणि हा डिअर माउंटन, उंची ३००१ फूट. गावात म्हणतात, डोंगर दिसत असेल तर पाऊस येणार आहे आणि दिसत नसेल तर पडतोच आहे. उन्हाळ्यात इथे मोठाली प्रवासी जहाजं लागतात. उतरणारा प्रत्येक माणूस पहिला फोटो काढतो त्यात हा डोंगर असतोच. शाळेच्या, दवाखान्याच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही हाच.

खाली दाट जंगल दिसतंय ते हेमलॉक, सिटका स्प्रूस आणि सीडरचं. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, टोंगास, या गावाला चहूबाजूंनी वेढून आहे. जवळजवळ १ कोटी ७० लाख एकर. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची घोषणा केली. साहजिकच कुणालाही वाटेल की समोरचा डोंगर वनखात्याचाच असणार.

पण गावाच्या अंगाचे त्याचे उतार वनखात्याचे नव्हते. ते मनोरुग्णांच्या नावावर होते.

(काळी पट्टी. पाऊस थांबतो.)

आपल्याकडे देवस्थान इनाम जमिनी असतात. सातबारावर नाव देवाचं. कायद्याच्या लेखी देव कायमचा अज्ञान, म्हणून कारभार दुसऱ्याने पाहायचा आणि उत्पन्न दिवाबत्तीला, पूजेअर्चेला लावायचं. जमीन विकून खायचा हक्क कारभाऱ्याला नाही. तरीही त्या जमिनींचं काय काय होतं, हे गावागावांत माहीत आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे तो तक्रार करायला कचेरीत येत नाही ना!

अलास्कातही असंच झालं. तिथे देवाच्या जागी आजारी माणसं होती.

(पोर्टलंड, ओरेगन. दुपार. शॉपिंग मॉलचं पार्किंग. ट्रॉल्यांची रांग, पांढऱ्या पट्ट्या, पाण्याची डबकी.)

ही जागा अलास्कात नाही. केचिकानपासूनच हजारभर किलोमीटर दक्षिणेला आहे, अलास्काच्या उत्तर टोकाहून तर कितीतरी लांब. आज इथे मॉल आहे. १९६८ पर्यंत इथे मॉर्निंगसाइड नावाचं मनोरुग्णालय होतं.

अलास्का तेव्हा राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता, आणि अख्ख्या प्रदेशात मनोरुग्णांसाठी एकही रुग्णालय नव्हतं. १९०४ मध्ये केंद्र सरकारने पोर्टलंडच्या डॉ. हेन्री वाल्डो को यांच्याशी करार केला. अलास्कातले रुग्ण इकडे पाठवायचे, सरकार माणशी पैसे देणार.

पाठवायची रीत अशी. वेडसर माणूस मोकळा फिरतो आहे, असा त्याच्यावर आरोप ठेवायचा. आरोप, म्हणजे चोराचिलटांवर ठेवतात तसाच. सहा जणांची ज्युरी बसायची. त्यांनी होकार भरला की मार्शलच्या, म्हणजे केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, ताब्यात. बोट येईपर्यंत मुक्काम तुरुंगात. बर्फाच्या दिवसांत कुणाला कुत्र्यांच्या घसरगाडीवरून किनाऱ्यापर्यंत आणायचं, मग आगबोटीने सिअॅटल, तिथून पोर्टलंड. त्यांत म्हातारी माणसं होती, अपस्माराचे रुग्ण होते, मतिमंद मुलं होती. ज्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता असे मूळनिवासीही होते. साठेक वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं अशी पाठवली गेली. कित्येकांच्या घरी पुढे साधी खबरही पोचली नाही.

(पार्किंगमधली एक रिकामी जागा. शॉट लांबवायचा. निवेदन नाही.)

डॉ. को हे रूझवेल्टांचे स्नेही. त्यांनी पोर्टलंड शहराला रूझवेल्टांचा घोड्यावरचा पुतळा भेट दिला होता. जंगलावर सही करणारा आणि रुग्णांचा ठेका घेणारा, दोघे एकमेकांचे मित्र होते. त्यांच्या हयातीत त्या जंगलाचा आणि त्या रुग्णांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो पुढे जुळला.

(जुनी कागदपत्रं. कायद्याच्या प्रतीवरून बोट फिरतं.)

१९५६. ओरेगनच्या खासदार ईडिथ ग्रीन यांनी अमेरिकेच्या संसदेत विधेयक आणलं. अलास्काने आपले रुग्ण आपल्याच भूमीत सांभाळावेत, त्यासाठी केंद्राने सव्वा कोट डॉलर द्यावेत आणि वर १० लाख एकर जमीन द्यावी. ती जमीन निवडायची अलास्काने, पण तिचं उत्पन्न आधी मनोरुग्णांच्या गरजेला लागलं पाहिजे. म्हणजे जमीन मनोरुग्णांच्या विश्वस्त निधीची, राज्य नुसतं कारभारी.

या विधेयकावर जे वादळ उठलं ते आज वाचताना विश्वास बसत नाही. कम्युनिस्टांच्या भीतीने देश झपाटलेला होता. विरोधकांनी याला ‘सायबेरिया बिल’ म्हणायला सुरुवात केली. सरकार अलास्कात छळछावणी काढणार, न पटणाऱ्या माणसांना वेडं ठरवून बर्फात डांबणार, अशी पत्रकं वाटली गेली, पत्रांचा पाऊस पडला. तरी विधेयक टिकलं. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली.

अलास्काने जमिनी निवडल्या त्या उजाड टुंड्रातल्या नव्हेत. ज्यांतून पैसा निघेल अशा निवडल्या. गावांलगतच्या, लाकडाच्या, खनिजांच्या. आग्नेय अलास्कात केचिकान, पीटर्सबर्ग, रँगल, सिटका, जूनो यांच्या अंगाच्या. डिअर माउंटनचे उतार त्यातलेच.

१९५९ मध्ये अलास्का राज्य झालं. १९६२ मध्ये अँकरेजला मनोरुग्णालय उघडलं. इथवर सगळं नीट चाललंय असं वाटावं.

(अँकरेज. पवनचक्कीसारखा फिरणारा हॉटेलचा दरवाजा, उंच इमारती, टेकडीवरची घरं.)

पण १९७८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा करून या जमिनींवरचा विश्वस्त निधीचा शिक्का पुसून टाकला. त्या सर्वसाधारण सरकारी जमिनी झाल्या. काही नगरपालिकांना गेल्या, काही लोकांना विकल्या, काहींवर उद्यानं आणि राज्याची जंगलं झाली. बदल्यात जमिनींच्या उत्पन्नातला दीड टक्का मानसिक आरोग्याच्या खात्यात टाकायचं ठरलं होतं. कागदावर खातं उघडलं. पैसे कधी पडलेच नाहीत.

१९८२ मध्ये एका बापाने कोर्टात धाव घेतली. त्याच्या मुलाला लागणारे उपचार राज्यात मिळत नव्हते आणि ज्या जमिनीच्या पैशातून ते मिळायला हवेत ती जमीनच गायब झाली होती. आपण हा भाग दोन मिनिटांत सांगतो आहोत, पण खटला बारा वर्षं चालला. १९८५ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन विश्वस्त निधीची होती, तुम्ही ती मोडलीत, परत भरून द्या. आता परत द्यायची कशी? तिच्यावर घरं उभी, माणसं राहतात. राज्यभर जमिनीचे व्यवहार अडकून पडले.

तडजोड झाली १९९४ मध्ये. मूळच्या जमिनींपैकी निम्म्याच्या आसपास परत, उरलेल्याच्या बदली दुसऱ्या, आणि २० कोटी डॉलर रोख. कारभार पाहायला स्वतंत्र विश्वस्त मंडळ नेमलं. लाभार्थी ठरले. मनोविकार असलेले, बौद्धिक अपंगत्व असलेले, दारूच्या आणि नशेच्या व्यसनात अडकलेले, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, मेंदूला इजा झालेले. आपल्या प्रत्येकाच्या घरात यातलं कुणी ना कुणी असतं. त्यांच्या वाटची ही जमीन आहे, एवढं मनात ठेवून पुढचं पाहा.

(केचिकान. डिअर माउंटनची पायवाट. ओले दगड, मुळांच्या पायऱ्या, शेवाळ.)

ही वाट गावातूनच वर चढते. बुंध्यावर हात ठेवला तर शेवाळात बोटं पेरभर आत जातात आणि बाहेर काढली की त्यांच्या टोकांशी पाणी. सिटका स्प्रूसचं लाकूड सरळ धाग्याचं असतं, हलकं आणि मजबूत. पियानोची नादफळी, गिटारची वरची फळी याच्यापासून करतात. अशा एका झाडाला किंमत आहे. आणि विश्वस्ताचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे लाभार्थ्यांसाठी उत्पन्न काढणं. देखावा राखणं त्याच्या कामात बसत नाही.

सुमारे दहा वर्षं मंडळ वनखात्याला सांगत होतं की आमचे गावाशेजारचे डोंगर तुम्ही घ्या आणि आम्हाला लांबचं, तोडता येईल असं जंगल द्या. बोलणी रेंगाळली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मंडळाने जाहीर केलं की येत्या जानेवारीपर्यंत संसदेने अदलाबदल मंजूर केली नाही तर डिअर माउंटनवर आणि पीटर्सबर्गच्या उतारांवर तोड सुरू करू.

केचिकान हादरलं. पीटर्सबर्गचं दुखणं आणखी वेगळं. तिथे मिटकॉफ महामार्गाच्या कडेने घरं आहेत आणि त्यांच्या डोक्यावर उभा कडा. झाडं गेली की माती घरात येणार, ही भीती तिथले लोक वर्षानुवर्षं बोलून दाखवत होते. माळीण पाहिलेल्या आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

मंडळावर खूप टीका झाली. डोंगर ओलीस धरला, असं म्हटलं गेलं. आम्हाला मात्र वाटतं, की ज्यांचा हक्क एकदा हसतमुखाने गिळला गेला होता, त्यांच्या वतीने पुन्हा कुणी तरी टेबलावर हात आपटला होता.

(नकाशा. दोन रंगांचे तुकडे जागा बदलतात.)

५ मे २०१७. वार्षिक खर्चाच्या भल्यामोठ्या कायद्याच्या पोटात या अदलाबदलीचा कायदाही मंजूर झाला. संसदेत तो खासदार लिसा मर्कोव्स्की यांनी लावून धरला होता.

मंडळाने द्यायची जमीन १८ हजार एकरांच्या जरा वर, केंद्राने द्यायची साडेवीस हजार एकर. आकडे जुळत नाहीत, कारण हिशोब एकराचा नव्हताच, किमतीचा होता. दोन्हीकडच्या प्रत्येक तुकड्याचं स्वतंत्र मूल्यांकन करायचं आणि कमीजास्त निघालं तर क्षेत्र घटवून-वाढवून बरोबरी साधायची. आपल्याकडे दोन भाऊ वाटणीला बसतात तेव्हा विहिरीकडचा अर्धा एकर माळावरच्या दोन एकरांशी तोलतात, तेच. फक्त इथे तराजूत एका बाजूला गावाच्या खिडकीतून दिसणारं जंगल होतं आणि दुसऱ्या बाजूला रस्त्याला लागून असलेलं, ट्रक पोचेल असं जंगल. हद्दी आखल्या गेल्या, जुनी पुरातत्त्वीय ठिकाणं तपासली गेली, मालकीचे दाखले चाळले गेले. पहिला टप्पा २०१९ च्या सुरुवातीला पूर्ण झाला. केचिकानकडचे सुमारे अडीच हजार एकर टोंगासमध्ये आले आणि जवळपास तेवढीच जमीन मंडळाला मिळाली ती प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर, नौकाटीला.

(नौकाटी. वरून घेतलेलं दृश्य. खडीचा रस्ता, ओंडक्यांचे ढीग, मोकळा उतार, बुंधे.)

नौकाटी हे शे-दीडशे वस्तीचं गाव, मुळात लाकूडतोड्यांचा तळ. इथे प्रवासी जहाज येत नाही. संघीय वनाचे नियम या तुकड्यावरून उठले, तोड झाली, लाकूड बेटावरच्या क्लावॉकच्या सॉ मिलला गेलं आणि जुन्या झाडांच्या छत्राखाली हिवाळा काढणारी हरणं दुसरीकडे सरकली असतील.

(एक बुंधा, जवळून. वर्षांची कडी. पावसाचं पाणी त्यात साचतंय. निवेदन नाही.)

(पुन्हा डिअर माउंटन. धुकं. पायवाटेवर दोन माणसं, एक पोरगं, एक कुत्रा.)

वाटेवरची माणसं रोजच्यासारखी वर निघाली आहेत. ज्या उतारावर ती चालतात तो आता सार्वजनिक आहे. नौकाटीच्या लाकडाचे पैसे विश्वस्त निधीत जमा होतात आणि त्यातून राज्यभर मदतीची अनुदानं दिली जातात, कुठे उपचारांना, कुठे घरांना, कुठे व्यसनमुक्तीला.

(पोर्टलंड. स्मशानभूमी. गवत, काही ठिकाणी दगड, काही ठिकाणी नुसतंच गवत.)

मॉर्निंगसाइडमध्ये वारलेल्या अनेकांना इथल्याच मातीत पुरलं. अलास्कातले काही स्वयंसेवक, त्यांत निवृत्त न्यायाधीशही आहेत, जुन्या नोंदी चाळत त्यांची नावं शोधत असतात. कोर्टाचा हुकूम, बोटीची यादी, रुग्णालयाचं रजिस्टर, मग कबर. एक नाव जुळलं की ते अलास्कातल्या घरी कळवतात.

(रजिस्टरचं पान. नावांची रांग. कॅमेरा हळू खाली सरकतो, पान संपेपर्यंत.)