आधी त्याला लपू द्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पाळीव साप हाताळावा कसा’. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार.

घरात नवं काही आलं की बघायला गर्दी करायची, मग ती सून असो, बाळ असो की फ्रिज, ही आपली खोड ब्रिटनला येऊनही जात नाही. रॉयल पायथन, म्हणजे पाळायचा छोटा अजगर, घरी आला की पहिल्या तासात मुलाच्या गळ्यात, दुसऱ्या तासात शेजाऱ्यांच्या, आणि रात्री फोटो पुण्याला. आठवड्याने तक्रार सुरू, ‘जेवतच नाही हो!’ कसा जेवेल? (पुण्याच्या भाच्याने फोटो बघून धामण पकडून आणू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.)

हा प्राणी पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहणारा. घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचाच चेंडू करतो. आपण म्हणतो, ‘किती शांत आहे!’ शांत कसला, तो जीव मुठीत धरून बसलेला असतो.

म्हणून साप आणण्याआधी त्याचं घर, म्हणजे पेटी, तयार हवं. लपायच्या जागा दोन, एकसारख्या: एक उबेच्या टोकाला, एक थंड टोकाला. एकच ठेवली तर साप तिथून हलत नाही, मग भाजो की गारठो. आणि ती बंगल्यासारखी ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकलं पाहिजे, तेव्हाच त्याला सुरक्षित वाटतं. पेटी काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २५ ते २७, आर्द्रता साधारण ६० टक्के. हीटिंग मॅट (ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नका, पोट भाजतं. भिंतीवर चिकटवायच्या गोल तबकडीच्या तापमापकावर विसंबू नका, डिजिटल घ्या, दोन्ही टोकांना एकेक. प्यायला पाण्याचं जड भांडं. दूध नाही! दूध नागपंचमीला पाटावरच्या चित्रापुढे ठेवा.

मग निदान ७ दिवस पेटीत हात घालायचा तो पाणी बदलायला आणि घाण काढायला. दिवसभर बाहेर दिसला नाही तर समजा, सगळं ठीक चाललंय.

पहिलं जेवण पाचव्या ते सातव्या दिवशी, रात्री. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये पूर्ण वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. बाहेरून ३८ अंशांच्या आसपास लागला पाहिजे, कारण त्याच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते, गार उंदराकडे तो ढुंकून बघत नाही. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी. लांब चिमट्याने द्या. नाही घेतला तर सकाळी काढून टाका आणि आठवडाभर पुन्हा विचारू नका. आग्रहाची जिलबी इथे चालत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सापाचं वजन करून लिहून ठेवा, ते घसरत चाललं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. बटाटेवड्यांचा वास मलाही येतोय. तर हाताळणी, भराभर.

लागोपाठ ३ जेवणं नीट झाली की सुरुवात. जेवणानंतर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून पडतं. पेटी थंड असली तरी तेच होतं. तसं झालं तर दोन आठवडे पोटाला विश्रांती आणि पुढचा उंदीर लहान. डोळे दुधी-निळसर दिसले की कात येतेय, ती पडेपर्यंत थांबा. आधी हात धुवा, उंदराचा वास असेल तर बोटच जेवण ठरेल. नंतरही धुवा, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असतो. वरून झडप घालू नका, घार तशीच येते. बाजूने हात न्या, शरीराला दोन ठिकाणी आधार द्या, मान धरू नका. पहिल्यांदा ५ मिनिटं, एक-दोन दिवसांआड, मग हळूहळू १५. मानेचा इंग्रजी ‘एस’ झाला तर हात मागे, पेटी बंद, उद्या बघू.

प्रश्न वड्यांच्या रांगेत विचारा.