खातं तुमच्या नावावर, पण हातात कुणाच्या?

नमस्कार मैत्रिणींनो. आज बोलायचंय तुमच्या बँकखात्याबद्दल. "आहे की माझ्या नावाचं खातं," असं बऱ्याच जणी म्हणतील. 2014 मध्ये जनधन योजना आली तेव्हा कित्येकींचं उघडलं, कुणी 2024 मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी उघडलं. मग एवढंच सांगा, पैसे जमा झाल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो?

नवऱ्याच्या, दिराच्या किंवा पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर येत असेल, तर नाव तुमचं आणि कारभार त्यांचा. यात कुणाच्या मनात खोट असतेच असं नाही. खातं उघडलं तेव्हा घरात एकच मोबाईल होता, त्याचा नंबर अर्जावर लिहिला गेला, इतकंच. पण ओटीपी ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे.

म्हणून सुरुवात नंबरापासून करा. साधा बटणांचा फोनही चालतो, ओटीपी मेसेजनेच येतो. सिमकार्ड मात्र तुमच्याच आधारवर घेतलेलं हवं. आणि रिचार्ज तुटू देऊ नका. सलग 90 दिवस सिम वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्या अनोळखी माणसाला!

शाखेत जाताना पासबुक, मूळ आधारकार्ड, त्याची झेरॉक्स आणि असेल तर पॅनकार्ड न्या. "मोबाईल नंबर बदलायचा अर्ज द्या," असं सरळ सांगा. केवायसीचा, म्हणजे ओळख आणि पत्ता पटवून देण्याचा अर्जही भरायला सांगतील, भरून टाका. अर्ज अडतो तो बहुधा सहीपाशी. खातं अंगठ्यावर उघडलेलं असतं आणि आता तुम्ही सही करायला शिकलेल्या असता, किंवा माहेरच्या नावाने सही दिलेली असते. तसं असेल तर आधी सहीचा नमुना बदलून मागा. अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. "उद्या या" म्हणाले तर ही पोचच उपयोगी पडते.

पिन बदलायचा तो नंबर बदलल्यावरच. क्रम उलटा केलात तर मेहनत वाया, कारण बहुतेक बँकांत हातात कार्ड आणि फोनवर ओटीपी असला की एटीएमवर पिन पुन्हा नवा करता येतो. जुना नंबर असलेल्या फोनमध्ये तुमचं खातं यूपीआय ॲपला जोडलेलं असेल तर तेही काढायला लावा. चहाच्या डब्यात पिनची चिठ्ठी ठेवायची सवय असेल, तर ती आजच सोडा.

आता आधारचं. सरकारी योजनेचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यातच येतात असं नाही. ज्या बँकेशी तुमचं आधार सगळ्यात शेवटी सीड झालं, म्हणजे योजनेच्या पैशांसाठी जोडलं गेलं, तिथे ते जातात. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं. लाडक्या बहिणीच्या वेळी कित्येकींचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात सापडले, ते यामुळेच. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येतं, पण तिथे आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो नंबरही दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. जुन्या खात्यात दोन वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असेल. केवायसी देऊन ते चालू करून घेता येतं, त्याचं शुल्क नाही.

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढत असाल, तर जपून. भांडी घासून, शेतात राबून बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही, हे खरंच होतं. पण "झालं नाही, परत लावा" असं सांगितलं, तर आधी न झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा. प्रत्येक अंगठा म्हणजे वेगळा व्यवहार असू शकतो. नंतर पासबुक भरून ओळी ताडून बघा.

राहता राहिलं घरी सांगायचं. "तुमच्यावर विश्वास नाही," असा सूर लावलात तर नंबर राहील बाजूला आणि भांडण होईल. बँका ठरावीक काळाने केवायसी नव्याने मागतातच. "केवायसी करायला चाललेय, नंबरही माझा देऊन येते," एवढं पुरे, आणि हे खोटंही नाही. "आपलं एकत्र खातं काढू" असं कुणी सुचवलं, तर 'दोघांपैकी कोणीही' म्हणजे काय ते समजून घ्या. त्या खात्यातून समोरचा एकटा सगळी रक्कम काढू शकतो. घरखर्चाला ते चांगलं, पण तुमच्या बचतीला नाही.

आणि नंबर तुमचा झाल्यावर एखाद्या दिवशी तुम्ही न काढलेल्या पैशाचा मेसेज आला, तर संध्याकाळी घरचे येईपर्यंत थांबू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आणि तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार द्या. उशीर होईल तसं नुकसान तुमच्या अंगावर पडत जातं. तक्रारीचीही पोच घ्या. नमस्कार.